वाचक विचारतात: शालियापिन ऐकायचा कसा?

गेल्या अंकात फ्योदर शालियापिन (1873-1938) या खर्ज (बास) आवाजाच्या रशियन ऑपेरा गायकावर एक छोटं टिपण छापलं होतं. त्यावर अपेक्षेपेक्षा जास्त पत्रं आली. नावं गाळून, गावं तेवढी ठेवून, त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

सांगली: मी हिंदुस्थानी संगीत ऐकतो, ऑपेराच्या वाटेला कधी गेलो नाही. यूट्यूबवर शालियापिनची ढीगभर ध्वनिमुद्रणं दिसतात आणि बहुतेकांत खरखरच जास्त आहे. सुरुवात कुठून करू?

अख्खा ऑपेरा लावून बसू नका, अर्ध्या तासात उठाल. तीन तुकडे पुरेत.

पहिला तुकडा रशियन संगीतकार मुसोर्गस्कीच्या 'बोरिस गोदुनोव' या ऑपेरामधला, बोरिसच्या मृत्यूचा. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरात 4 जुलै 1928 च्या प्रयोगाचं हे ध्वनिमुद्रण आहे. स्टुडिओतलं नाही, चालू प्रयोगातलं. शोधताना 1928 हे साल आणि बेलेझ्झा या वाद्यवृंद-संचालकाचं नाव टाका, म्हणजे नेमकं तेच सापडेल. आधी कथा माहीत हवी. बोरिस हा 1598 ते 1605 या काळात गादीवर असलेला रशियाचा त्सार, म्हणजे झार, सम्राट. गादीसाठी त्याने लहानग्या राजपुत्र दिमित्रीचा खून करवला असं ऑपेरात गृहीत धरलं आहे, आणि ते पाप त्याला शेवटपर्यंत सोडत नाही. मरताना तो मुलाला जवळ घेऊन राज्य कसं करावं ते सांगतो, देवाची करुणा भाकतो. बाहेर घंटा वाजू लागते आणि साधूंचा समूहस्वर जवळ येत जातो. मग बोरिस ओरडतो, 'या त्सार येश्चो', अजून मीच त्सार आहे! त्यानंतर काही क्षणांतच 'प्रोस्तीते', क्षमा करा. या दोन उद्गारांमधल्या जागेवर कान ठेवा. पहिल्यात छातीतलं सगळं बळ आहे, दुसऱ्यात स्वर जवळजवळ उरतच नाही, आणि तरी दुसरा शब्द पहिल्याइतकाच स्पष्ट पोचतो. एक गंमतही कळेल: शालियापिन रशियनमध्ये गातोय आणि भोवतालची मंडळी इटालियनमध्ये. त्या काळी हे चालत असे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात 1921 साली त्याने बोरिस केला तेव्हाही असंच झालं होतं.

दुसरा तुकडा मुसोर्गस्कीचंच 'पिसवेचं गाणं'. राजाने पिसू पाळली, तिला मखमली अंगरखा शिवला, दरबारात मानाची जागा दिली, आणि मग सगळा दरबार खाजवू लागला, अशी जर्मन कवी गोएथेच्या 'फाउस्ट' नाटकामधली ही थट्टा आहे. यात हसू पुन्हापुन्हा येतं. दर वेळी ते कुणाला उद्देशून आहे ते ओळखायचा प्रयत्न करा.

तिसरा तुकडा रशियन संगीतकार ग्रेचानिनोवची प्रार्थना, 1932 साली पॅरिसमधल्या रशियन चर्चच्या गायकवृंदासह मुद्रित केलेली. तुमच्यासारख्या श्रोत्याला बहुधा हीच सगळ्यात आधी भिडेल. मुख्य गायक बराच वेळ जवळपास एकाच सुरावर मंत्रासारखं म्हणत राहतो आणि मागे वृंद 'गोस्पोदी पोमिलुई' म्हणजे 'देवा, दया कर' एवढंच आळवतो.

खरखरीबद्दल एक सूचना. 'आवाज स्वच्छ केलेल्या' आवृत्त्या टाळा. खरखर काढणारी चाळणी 'स', 'श', 'च' यांसारखी व्यंजनंही सोबत काढून टाकते, आणि शालियापिनची अर्धी कला त्या व्यंजनांत आहे. खरखर पाच मिनिटांत कानाआड होते, गेलेलं व्यंजन परत येत नाही.

नाशिक: वडिलांच्या संग्रहात शालियापिनच्या जुन्या तबकड्या आहेत. काहींमध्ये आवाज खर्जाचा वाटतच नाही, पातळ आणि बोकडासारखा थरथरता येतो. तबकडी खराब आहे की गायक?

बहुधा दोन्ही ठीक आहेत, वेग चुकतोय. त्या तबकड्यांना आपण सरसकट 78 ची तबकडी म्हणतो, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुद्रणं मिनिटाला 78 फेऱ्यांवरच झालेली असतील याची खात्री नसते. 73-74 फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी 78 वर वाजवली, की सूर जवळपास एक पट्टी चढतो: काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. शिवाय आवाजातला कंप तेवढ्याच प्रमाणात जलद होतो आणि बोकड ऐकू येतो.

उपाय सोपा आहे. तबकडी संगणकावर उतरवून घ्या आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत वेग कमी करा. वेग आणि सूर एकत्र बदलणारा पर्याय निवडा, नुसती लय बदलणारा नको. उणे 2 टक्क्यांपासून सुरुवात करून उणे 6 पर्यंत जा. 78 वरून 73.6 वर यायचं तर उणे 5.6 टक्के होतात. अडकलात तर स्वरलिपीचा आधार घ्या. गूनोच्या 'फाउस्ट' ऑपेरामधलं मेफिस्टोफेलिस या सैतानाचं सोन्याच्या वासराचं गाणं सी मायनरमध्ये लिहिलेलं आहे, म्हणजे षड्ज पांढरी एक. तुमच्या तबकडीवर तो काळी एकवर येत असेल तर वेग जास्त आहे. मात्र मैफलीतल्या गाण्यांना हा नियम लावू नका, ती गायक आपल्या सोयीच्या पट्टीत घेतात.

दुसरं कारण मुद्रणाच्या पद्धतीत आहे. 1925 च्या आसपास मायक्रोफोन येईपर्यंत गायक एका कर्ण्यात गात असे, आणि कर्णा साधारण 200 ते 2500 हर्ट्झमधलाच आवाज धड पकडत असे. खर्ज गायकाचा खालचा फा (पाश्चात्त्य सप्तकातला एफ) आहे 87 हर्ट्झचा. म्हणजे तो मूळ स्वर तबकडीवर उतरलेलाच नाही. त्याचे तिप्पट, चौपट म्हणजे 261, 348 असे वरचे अंश उतरले आहेत आणि त्यांवरून आपला कान मूळ स्वर मनातल्या मनात भरून काढतो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर हे भरून काढणं फसतं, चांगल्या हेडफोनवर जमतं. त्यातून जोरकस स्वर घेताना गायकाला कर्ण्यापासून मागे सरकावं लागे, नाहीतर सुई थरथरून मुद्रण वाया जाई. रंगमंचावर मोकळं फिरणाऱ्या नटाला ही शिक्षाच. म्हणून शालियापिनचं मोजमाप 1925 नंतरच्या मुद्रणांवरून करावं असं आमचं मत आहे.

जाता जाता: शालियापिनला वर्षानुवर्षं मुद्रित करणारा ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग म्हणजे 1902 साली कलकत्त्यात गौहर जानचं मुद्रण करणारा तोच गृहस्थ.

पुणे आणि फोंडा (दोन पत्रं): आवाज तर इतरांचेही मोठे होते. 'नट म्हणून थोर' असं तुम्ही लिहिलंत. गाणारा नट भूमिका नेमकी कशी बसवायचा, तपशिलात सांगाल का?

हा प्रश्न मोलाचा, म्हणून जरा सविस्तर.

1896 साली शालियापिन सेंट पीटर्सबर्गचं सरकारी मारिन्स्की थिएटर सोडून मॉस्कोत साव्वा ममोंतोव्हच्या खासगी ऑपेरात आला. ममोंतोव्ह रेल्वेतला बडा धनिक होता. करार मोडल्याचा दंड भरावा लागणार होता, त्यातला निम्मा भार त्याने उचलला. सरकारी थिएटरात शालियापिनला जे मिळत नव्हतं ते इथे मिळालं: तालमीत चुकत बसण्याची मुभा, आणि सल्ला द्यायला कोरोविन, सेरोव्ह, व्रुबेल यांच्यासारखे चित्रकार.

तिथे रिम्स्की-कोर्साकोव्हच्या 'प्स्कोवित्यांका' या ऑपेरात त्याने त्सार इव्हान द टेरिबल घेतला. इव्हानचा पहिलाच प्रवेश असा आहे: प्स्कोव्ह शहर भीतीने गारठलंय, आणि त्सार सरदाराच्या घराच्या उंबरठ्यावर येऊन विचारतो, 'आत येऊ, की नको?' वाक्य एवढंच. शालियापिनने ते आधी हळू, ढोंगी नम्रतेने, खोचक सुरात म्हणून पाहिलं. इव्हान कपटी होता हे त्याने वाचलं होतं. पण पुढचा सगळा प्रवेश त्यामुळे मरगळला आणि तालीम काही केल्या उठेना. ममोंतोव्हने दोष सांगितला: तुझ्या इव्हानमध्ये लबाड आहे, ढोंगी आहे, पण 'टेरिबल' कुठाय? शालियापिनला चूक कळली. त्याने तेच वाक्य भरदार, धमकावणाऱ्या, टोमणा मारणाऱ्या आवाजात फेकलं, आणि बाकीचे नटही आपोआप वेगळं बोलू लागले. स्वर तेच, ताल तोच, बदलला तो फक्त उच्चारातला भाव. पुढे आयुष्यभर त्याने भूमिका अशाच बसवल्या. आधी पहिल्या वाक्याचा स्वभाव पकडायचा, तो चुकला तर पुढचं सगळं चुकतं. नाट्यपद म्हणणाऱ्या कुणालाही हे पटावं.

बोरिसची तयारी 1898 च्या उन्हाळ्यात झाली. ममोंतोव्हच्या कंपनीत सहायक वाद्यवृंद-संचालक असलेल्या संगीतकार रखमानिनोव्हने पियानोवर बसून त्याच्याकडून ती बसवून घेतली, वर संगीताचं व्याकरणही शिकवलं. शालियापिनने नुसती आपलीच भूमिका न शिकता सगळ्या ऑपेरातल्या सगळ्यांच्या भूमिका पाठ केल्या. समोरचा काय गातोय हे माहीत नसेल तर गप्प असतानाचा अभिनय करणार कसा? त्याच सुमारास तो इतिहासकार क्ल्युचेव्हस्कीला भेटला. क्ल्युचेव्हस्कीने त्याला बरोबर फिरायला नेलं आणि चालता चालता कारस्थानी सरदार शुइस्कीचं सोंग वठवून दाखवलं. शुइस्की कुठे थांबतो, कुठे दोन पावलं मागे सरकतो, सगळं. अशा माणसासमोर बोरिस कसा वागेल हे शालियापिनला तिथे उमगलं.

आणखी तीन बारीक गोष्टी. रंगभूषा तो स्वतः करी, आणि चेहऱ्यावर थांबत नसे. मेफिस्टोफेलिससाठी उघड्या हातांवरही छायेने स्नायू रेखाटी. बोरिसला भास होतात त्या घड्याळाच्या प्रवेशात काही ओळी तो गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळ नेई. हे नक्कल करायला फार धोकादायक आहे. सूर सोडला तरी ताल आणि श्वास त्याच्या ताब्यात असे, नकलाकारांचं तिन्ही सुटतं आणि उरतो नुसता आरडाओरडा. आणि एकाच प्रयोगात दोन माणसं: लंडनमध्ये 1914 साली 'प्रिन्स इगोर' या ऑपेरात गालित्स्की आणि खान कोंचाक या दोन्ही भूमिका त्यानेच केल्या.

मैफलीतही नट सुटत नसे. कार्यक्रमपत्रिका छापलेली नसे. श्रोत्यांना क्रमांक घातलेल्या गाण्यांची पुस्तिका मिळे आणि मनाला येईल तो आकडा तो मंचावरून पुकारी. साथीदाराने पानं शोधत बसावं.

कोल्हापूर: वय 21. माझा आवाज जाड आहे. शालियापिनसारखा खर्ज कमावण्यासाठी रोज किती खाली जावं?

खाली जाण्याचा हट्टच सोडा. शालियापिन काही अतिखोल आवाजाचा गायक नव्हता. रशियन चर्चच्या वृंदांत त्याच्याहून कितीतरी खाली जाणारे गायक असत. त्याचा आवाज वरच्या बाजूला मोकळा होता, इतका की रुबिनस्टाइनच्या 'डेमन'सारखी बॅरिटोनची (खर्जाच्या वरच्या पुरुषी आवाजाची) भूमिकाही तो गात असे. तुमची पट्टी काळी एक असेल तर ऑपेरातल्या खर्ज गायकाला साधारण मंद्र गंधारापर्यंत जावं लागतं. तिथे स्वर घरघरू लागला, 'आ' आणि 'ओ' यांतला फरक पुसट झाला, की तुम्ही गळा दाबताय असं समजा. दोन स्वर वर या. जोर लावून खाली गेल्याने खर्ज वाढत नाही, मधल्या सप्तकाची चमक मात्र जाते. खर्जाचे आवाज पिकतातही उशिरा.

त्याचं शिक्षण कसं झालं ते पाहिलंत तर दिशा मिळेल. कझानमधल्या गरीब कारकुनाचा हा मुलगा. मोची, कातारी, बुकबाइंडर अशा उमेदवाऱ्या केलेल्या. 1890 मध्ये उफा शहरात एका फिरत्या कंपनीत कोरसमध्ये लागला आणि त्याच वर्षी एका आजारी गायकाची भूमिका अंगावर आली. (बसायला गेला तर खुर्ची जागेवर नव्हती, प्रेक्षकांसमोर सपशेल आपटला.) पद्धतशीर शिक्षण मिळालं ते तिफ्लिसमध्ये (आजचं तिबिलिसी), 1892-93 साली, एकाच गुरूकडे. दिमित्री उसातोव्ह, मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरचा जुना टेनर (उंच पुरुषी आवाजाचा गायक). फी घेतली नाही, उलट जेवू घातलं, कपडे दिले. शिष्याचा स्वर ढिला पडला की तो छातीवर ठोसा मारून ओरडे, 'टेकव! स्वर टेकव!' म्हणजे श्वासावर टेकव.

ठोशाशिवाय ते असं करून पाहा. नाकाने आवाज न करता श्वास घ्या, खालच्या बरगड्या बाजूंना फुगू द्या, खांदे उचलू नका. मध्य षड्जावर बारीक आवाजात 'आ' धरा आणि बरगड्या लगेच मिटू देऊ नका. दहा-बारा सेकंद स्वर डगमगला नाही तर आवाज हळूहळू मोठा करा आणि पुन्हा बारीक करा. बारीक होताना स्वर उतरत असेल तर श्वास संपलेला नाही, सुटलेला आहे. शालियापिनचा बारीक आवाज थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाई तो याच बळावर. घसा दुखू लागला की त्या दिवशी थांबायचं. आठवडाभर दुखत राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.

औरंगाबाद: त्याने झारपुढे गुडघे टेकले, मग बोल्शेविकांकडून किताब घेतला, मग पळून गेला. असल्या माणसाचं कौतुक का?

घटना खऱ्या, क्रम खरा, निष्कर्ष मात्र घाईचा.

जानेवारी 1911 मध्ये मारिन्स्कीत 'बोरिस'च्या प्रयोगाला त्सार दुसरा निकोलस आला होता. कोरसच्या लोकांना पेन्शनबद्दल अर्ज करायचा होता. त्यांनी ऐन वेळी मंचावर गुडघे टेकून राष्ट्रगीत सुरू केलं. शालियापिनला याची कल्पना नव्हती. मंचावर आला तर सगळे गुडघ्यांवर, बाहेर पडायला एकच अरुंद दार आणि तेही अडलेलं. सहा फुटांहून उंच माणूस एकटा उभा राहणार, म्हणून तोही टेकला. डाव्या विचारांच्या मित्रांनी त्याला फाडून खाल्लं. समाजवादी विचारवंत प्लेखानोव्हने त्याचा फोटो परत पाठवला. लेखक गॉर्की रुसला, पण त्याच वर्षी इटलीतल्या काप्रीला भेट झाली आणि मिटलं. हाच माणूस 1905 मध्ये बोल्शोईच्या मंचावर 'दुबिनुश्का' हे कामगारांचं गाणं गाऊन सरकारच्या डोळ्यांत आला होता, तेही विसरू नये.

1918 मध्ये त्याला 'लोककलावंत' किताब मिळाला. 1922 मध्ये तो परदेश दौऱ्यावर गेला आणि परतला नाही. तरी पाच वर्षं किताब शाबूत होता. 1927 मध्ये पॅरिसच्या रशियन चर्चच्या आवारात भीक मागणाऱ्या बायका-मुलं पाहून त्याने पाद्रीबाबांकडे 5000 फ्रँक दिले. पाद्रीबाबांनी वर्तमानपत्रातून आभार मानले, मॉस्कोत त्याचा अर्थ 'क्रांतिविरोधकांना मदत' असा लावला गेला, आणि त्या ऑगस्टमध्ये किताब काढून घेतला. तो निर्णय 1991 मध्ये रद्द झाला. आमच्या मते राजकारण त्याला कधीच नीट कळलं नाही. पण त्या पाच हजार फ्रँकांबद्दल त्याला दोष देणं आम्हाला जमणार नाही.

ठाणे: जपानमध्ये 'शालियापिन स्टेक' नावाचा पदार्थ खाल्ला. हाच तो गायक का? घरी करता येईल?

हाच. 1936 च्या जपान दौऱ्यात त्याचे दात दुखत होते. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलचे शेफ त्सुत्सुई यांनी त्याच्यासाठी मऊ स्टेक बनवला, तो तिथे कायमचा राहिला. (त्याची शेवटची ध्वनिमुद्रणंही त्याच मुक्कामात टोकियोत झाली.)

मूळ पदार्थ गोमांसाचा. आपल्याकडे बोकडाच्या मांडीच्या बिनहाडाच्या तुकड्यावर जमतो, पण धाग्यांना आडवा कापून घ्या. माणशी 150 ग्रॅम. तुकडा ठोकून अर्ध्या इंचाहून पातळ करा, दोन्ही बाजूंनी सुरीने उथळ रेघा मारा. एक मोठा कांदा किसून वर-खाली थापा आणि अर्धा ते पाऊण तास ठेवा. कांद्यातली पाचकं मांसाचे धागे सैल करतात. रात्रभर ठेवलंत तर पृष्ठभाग पिठासारखा होतो. मग कांदा पूर्ण निपटून काढा. एक कणही राहिला तर तव्यावर आधी तो जळतो आणि सगळं कडू होतं. मांस कोरडं पुसा, मीठ-मिरी तव्यावर टाकायच्या क्षणीच लावा, कडकडीत तव्यावर थोड्या तेल-लोण्यात दोन्ही बाजूंनी भाजा. बाहेर काढून त्याच तव्यात लोणी टाकून दुसरा बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं परता. सोनेरी झाला की थांबा, बिर्याणीसारखा तळायचा नाही. तो कांदा मांसावर जाड थापून लगेच वाढा. गरम मसाला, आलं-लसूण काही नको. घातलंत तर चवीला छान लागेल, फक्त त्याला शालियापिन म्हणू नका.

मुंबई: रशियाला जाणार आहोत. त्याच्याशी संबंधित काय पाहावं?

मॉस्कोत नोविन्स्की बुलेवारवरचं त्याचं घर. 1910 मध्ये त्याने ते विकत घेतलं, आज तिथे संग्रहालय आहे. नोवोदेविची दफनभूमीत त्याची कबर आहे. मृत्यू पॅरिसमध्ये 12 एप्रिल 1938 ला रक्ताच्या कर्करोगाने झाला आणि दफनही तिथेच, बातिन्योलला; अवशेष 1984 मध्ये मॉस्कोला आणले. सेंट पीटर्सबर्गमध्ये ग्राफ्तिओ रस्त्यावरचं घरही संग्रहालय आहे. वेळ असेल तर कझान गाठा, तिथे बाउमान रस्त्यावर त्याचा पुतळा आहे आणि त्याच्या नावाचा ऑपेरा महोत्सव भरतो. निघण्यापूर्वी संग्रहालयांचे सुट्टीचे वार तपासा. सोमवारी रशियातली बरीच संग्रहालयं बंद असतात.